काटा बारावर येईतो

फैजपूरहून सावद्याकडे निघालं की
केळीच्या बागांमागे एक निळं पत्र्याचं छप्पर दिसतं.
लोक त्याला गोडाऊन समजतात.
आत तीन इंजिनं आहेत, सोळा-सोळा सिलिंडरची,
आणि सहाच्या पाळीला दोन माणसं :
मी, नि रुबाब तडवी.

गॅस जमिनीखालून येतो.
पिवळ्या पाइपातून डोकं वर काढतो,
गाळणीतून जातो, मग दाब उतरवत उतरवत,
चौगावचा घाट उतरणाऱ्या ट्रकसारखा,
इंजिनाच्या तोंडाशी येईतो अगदी नरम होतो.
त्याला स्वतःचा वास नसतो.
तो कुजक्या अंड्याचा वास मुद्दाम घातलेला,
सुटला तर कळावं म्हणून.

वडील दीपनगरला होते, कोळशावर, एकतीस वर्षं.
त्यांचा सदरा झटकला की अंगणात राख उडायची,
तिच्यावरून आई ओव्हरटाइम ओळखायची.
माझा सदरा ती नाकाशी धरते.
नुसता साबण.
"काम केलं का बसेल होता रे रातभर?"
तिला तीनदा सांगून झालं
की इंजिनाची ऊब आम्ही वाया घालवत नाही,
तिच्यावरच शेजारच्या गोदामातली केळी गार राहतात.
आगीतून गारवा?
हूं, म्हणते, नि सदरा बादलीत टाकते.

खरं तर बसलेलोच असतो.
दिवसा उन्हाच्या पाट्यांचं राज्य.
साडेसहाला ऊन कलतं, घरोघर कूलर घुमतात,
आणि लोड डिस्पॅचहून फोन :
किती मिनिटांत?
सात.

दाबलेल्या हवेचा फुसकारा, एक कोरडा खोकला,
मग फरशी बारीक थरथरते, चहावर वर्तुळं उठतात.
मिनिटाला साडेसातशे फेरे.
बाहेर अख्ख्या देशाची वीज एका ठेक्यात चाललेली,
तिच्यात पाऊल टाकायचं तर तिच्याच पावलाने.
तबकडीतला काटा फिरत बाराकडे येतो,
बाराच्या एक श्वास आधी बटण.
एरवी हे मशीनच करतं.
परवा मशीन रुसलं.

"साहेब, तुम्ही."
"तू."
रुबाबने बूट काढून ठेवले.
का, ते मी विचारलं नाही.
काटा बारा ओलांडून गेला. त्याने जाऊ दिला.
पुन्हा आला. पुन्हा जाऊ दिला.
फोनवर कुणीतरी मिनिटं मोजत होतं.
मग
खट्.

धक्का नाही. एक दिवाही लवला नाही.
सावद्यात कुणाच्या हातातला घास थांबला नाही.
थांबला असता तर आमचं चुकलं असतं.

वहीत लिहिलं : १९.४१, दोन नंबर जोडलं.
'हाताने' लिहायला रकाना नव्हता,
समासात लिहिलं.
"फरशीतून कळतं," रुबाब म्हणाला, खूप वेळाने.
अजून अनवाणीच होता.