बिबो

पॅनल आला तेव्हा भिंतीत खिळा नव्हता.
वाळपईच्या माणसानं चिऱ्यात ड्रिल घातलं
आणि फळ्यावर लाल धूळ बसली.
त्या धुळीत जानू झोरेनं बोटानं लिहिलं: वायफाय.
शुद्धलेखन बरोबर होतं. मी शाबासकी दिली.

वायफाय मात्र डोंगरापलीकडेच राहिला.
दोन महिने पॅनलवर आम्ही फक्त वेळ पाहिली,
एवढं मोठं घड्याळ सत्तरीत कुणाकडे नसेल.
शनिवारी त्यावर माझी जुनी ओढणी टाकून
मी कुलूप लावायची,
मागे पाल शिरू नये म्हणून.

मग धनगरवाड्याच्या माळावर टॉवर उभा राहिला
आणि वरून पत्रक आलं:
परदेशी शाळेशी बोला, फोटो काढा, पाठवा.
यादीत आमच्या वाट्याला आलं
टांझानियातलं म्त्वारा.
सगळा वर्ग पहिल्याच अक्षरावर अडला,
ओठ मिटून बसले सोळा जण.

सतरावी शेवंती.
मागून म्हणाली, टीचर, मी ह्याच्यावरच बसते.
उठली, खालचं गोणपाट उचलून धरलं.
निळी शाई, बसून बसून अर्धी पुसलेली,
इंग्रजी अक्षरं. तेच गाव.

तिची आई होंड्याच्या कारखान्यात काजू फोडते.
बी तिकडून बोटीनं येते,
गर डब्यात जातो, डीक बोटांना राहतो,
फाटकी गोण घरी.
म्हणजे पहिलीपासून ही पोर
त्या गावावर मांडी घालून बाराखडी शिकली
आणि मी नकाशात बोट फिरवत होते.

मंगळवारी साडेअकराला लागला एकदाचा.
तिकडे सकाळचे नऊ, पाऊस, पत्र्याचा आवाज,
विटेला टेकवलेला एकच फोन
आणि त्याच्यासमोर किती डोकी, मोजता येईनात.
त्यांच्या टीचर सोमोए पुढे वाकल्या.
म्नासिकिया?
मी म्हटलं, ऐकू येतंय का?
म्नासिकिया?
ऐकू येतंय का?
चौथ्या खेपेला पोरांना उमगलं
की दोघी एकच विचारतायत.
आमची आधी हसली.
त्यांचं हसू दोन सेकंदांनी आलं, तुटत तुटत.

मी जलचक्र तयार ठेवलं होतं, बारा स्लाइड,
रात्री जागून, बाणसुद्धा निळे केलेले.
दुसरी उघडलीच नाही.
जानूनं दप्तरातून बोंडू काढला
आणि कॅमेऱ्याला असा भिडवला
की तिकडे सगळं पिवळंच दिसलं असणार.

बिबो! कुणीतरी ओरडलं.
आमच्यातलं नव्हे. तिकडचं.

वर्ग गप्प.
जानूनं माझ्याकडे पाहिलं,
घरातला शब्द कुणी चोरून नेल्यासारखा.
त्याच्या आईच्या चुलीवर बिबो म्हणजे ओली बी, रसातली,
त्यांच्याकडे अख्खं फळ.
यावर हातवारे करून थोडं भांडण झालं.
एका मुलीनं फोन उचलून खिडकीला नेला:
भिजलेलं झाड, पानंच पानं.
बोटांवर महिने मोजून दाखवले तिनं,
आपला बहर तुमच्या दिवाळीला.

मग शेवंती पुढे आली, गोणपाट छातीशी उलगडून.
सोमोए वाचायला लागल्या,
मागे वळून कुणाला तरी हाक मारली,
एक मुलगा उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं,
आणि चित्र तिथेच थांबलं.

गोल फिरत राहिला.
कुणी जागेवर जाईना.
मी म्हटलं, वीज गेली असेल त्यांची.
मग आमचीही गेली.

शेवंती आता गोणपाटाची घडी घालते
अक्षरं आत ठेवून.
मधल्या सुट्टीत जानू विचारतो,
टीचर, तो काय सांगणार होता?

फॉर्म भरायचा होता त्याच संध्याकाळी.
विद्यार्थी: सतरा.
कालावधी: अकरा मिनिटं.
काय शिकले, हा रकाना रिकामा सोडला
तर पान पुढे सरकत नाही.
मी जलचक्र लिहिलं.