नमुने जमिनीवर ठेवा

दुकानदार झुल्मीराशी बोलतो.
माझ्या डोक्यावरून बोलतो,
कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसं.
‘यांना काय सोयीचं पडेल?’
यांना म्हणजे मला.
झुल्मीरा पर्समध्ये चष्मा शोधत राहते
आणि उत्तर देत नाही.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
तिचं हे एक मला फार आवडतं.

नमुने काउंटरवर मांडलेत, माझ्या नाकासमोर,
शाळेतल्या पाट्यांएवढे.
मी म्हणतो, जमिनीवर ठेवा.
हात फिरवून काय कळणार,
चाक फिरवू द्या.

आधी गालिचा.
एव्होराला बहिणीकडे असाच आहे.
तिच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जाणं म्हणजे
ओल्या नांगरटीतून गाडा काढणं,
आणि खेचरही मीच.

मग टाइल्स. निळ्या वेलबुट्टीच्या, देखण्या.
पण वीतभर गेलं की सांधा,
सांध्याला टक्,
ते टक् चाकातून दांड्यात, दांड्यातून खांद्यात.
फरशीचे सांधे माझ्या सांध्यांशी बोलतात
आणि रात्री अंथरुणात
तेच बोलणं मी पुन्हा ऐकतो.

लॅमिनेट पाण्याने फुगतं म्हणे.
नकोच, झुल्मीरा म्हणते, मी भांडी घासते तेव्हा
स्वयंपाकघरात नदी येते.

‘मग हे बघा,’ दुकानदार खुलतो,
‘आपल्याच भागातलं. कोरूशचं बूच.’
तो तुकडा मी मांडीवर घेतो.
मांडीला काही कळत नाही.
नाकाला कळतं.

जुलै. पहाट. कुऱ्हाडीचं पातं सालीत शिरतं,
साल सुटते ओलं कापड फाटल्यासारखी,
आणि आतलं खोड लालसर,
नुकत्याच न्हालेल्या बाळासारखं.
साल काढली की साल लिहायचं,
पांढऱ्या रंगात, शेवटचा फक्त आकडा.
आता नऊ वर्षं कुणी हात लावायचा नाही.

माझ्या झाडावर सहा आहे.
तो मी लिहिला नाही.
मी खाली पडलो होतो, वर बघत.
एर्मेलिंदु पाणी आणायला धावला होता
आणि कुणीतरी, काम ते काम,
डबा उचलून सहा लिहून टाकला.

‘मऊ असतं, उबदार असतं,’ दुकानदार सांगतो.
माहीत आहे, मी म्हणतो,
आणि तुकडा खाली ठेवून त्यावर पुढचं लहान चाक वळवतो
तिथल्या तिथे, एकदा, पाचदा, दहादा.
घरात माणूस चालतो कमी, वळतोच जास्त.
बुचावर वळ उठतो.
‘थांबा थोडं, भरून येईल.’
आम्ही तिघं वाकून बघत थांबतो.
बाहेरून एक ट्रॅक्टर जातो.
वळ निम्मा भरतो,
निम्मा राहतो.

शेवटी लिनोलियम.
ओल्या मातीचा रंग, चमक अजिबात नाही,
खालून घट्ट चिकटवलेलं,
दाण्यागोट्याला, ओल्या चाकाला न घाबरणारं.
याच्यावर कुणी कविता करणार नाही.
एका ढकलण्यात मी दुकानाच्या दारापर्यंत जातो
आणि तिथे थांबून
उगाच रस्ता बघितल्यासारखं करतो.

‘दोन खोल्यांच्या मध्ये पट्टी लागेल,
दोन मिलिमीटर. काही वाटणार नाही.’
‘तुम्हाला,’ झुल्मीरा म्हणते.
तो पट्टी खोडतो.

आणि थोडं बूच द्या, मी म्हणतो.
खाटेच्या कडेला, भिंत आणि खाट यांच्यामध्ये,
जिथे माझी खुर्ची मावत नाही.
‘कुठल्या बाजूला?’
आता तो मला विचारतो.

डाव्या. तिच्या.
पहाटे चारला उठते ती, अनवाणी,
आणि परत येऊन पाय माझ्या पायांवर ठेवते.
बर्फ झालेत, म्हणते.
ती म्हणते, म्हणून मला कळतं.