पेशी क्रमांक एकेचाळीस

जगात जर्मनी, भारतात परभणी,
असं यंत्राच्या खोक्यावर कुणीतरी खडूनं लिहिलेलं.
दोन वर्षं झाली, पुसलेलं नाही.
खोक्यात आता मकदूमभाई चपला ठेवतात.

काम रात्री. दिवसा
वसमत रोडचे ट्रक टेबलातून चालत जातात
आणि आरसे हलतात,
केसाच्या शंभराव्या भागानं, पण हलतात.

मालदांडीच्या मुळाच्या टोकाची एक पेशी.
कुंडीला अकरा दिवस पाणी नाही.
तहानेत ती आत काहीतरी रचते म्हणतात, एखादं प्रथिन,
आणि ते मला तिला न फोडता ऐकायचंय.

लाल किरण सोडते तिच्यावर,
डोळ्याला जेमतेम कळेल इतका.
जातो तसाच परततो, जवळजवळ सगळा.
कोटीत एखादा कण
आत थोडं काही ठेवून येतो
आणि ठेवलं तेवढा रंगानं उतरतो.
मला तो एक हवा.

उरुसात धाकटा हरवला होता, मी सहा वर्षांची.
भोंग्यावर सांगितलं: निळा स्वेटर,
डाव्या पायात काळा दोरा, एक दात पडलेला.
नाव शेवटी घेतलं.
गर्दीत माणूस खुणेनं सापडतो.

चांदीचं पाणी मकदूमभाई उकळतात.
रंग कोऱ्या चहाचा, त्यातली चांदी दिसत नाही.
वडील त्यांचे कल्हईवाले, सेलूच्या बाजारात भाता ओढायचे.
'कल्हईनं भांडं गप बसायचं,' म्हणतात,
'इथं चांदी लागली की कुजबूज मोठी होते.
धंदा तोच, मॅडम. उलटा.'

साडेअकराला शिखर उठलं. हजार एकवर.
मी खुर्चीवरून उठले, चाटे सरांना फोन लावला.
उचलला नाही. बरं झालं.
मकदूमभाईंनी प्लॅस्टिकची रिकामी डबी
किरणाखाली सरकवली, काही न बोलता.
तेच शिखर. तिथंच.
'डबी बोलायली, मॅडम,' ते म्हणाले,
'पेशी गप हाय.'

मग क्वार्ट्झची काच. एकुलती, कोपऱ्यात तडकलेली.
पुन्हा थेंब, पुन्हा चांदी, पुन्हा पेशी शोधणं.
नव्वद सेकंद.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं,
बाहेर उरुसाचा भोंगा
कुणाच्या तरी खुणा सांगत होता.

हजार तीन.
आणि दूर, सोळाशे पंचावन्नला, एक उंचवटा:
कणसावर पाखरू बसावं
आणि ताट किंचित वाकावं, एवढाच.
डबी वेगळी ठेवून पाहिलं. काच रिकामी पाहिली.
चांदी एकटी पाहिली.
नाही. हे तिचंच.

कोणतं प्रथिन, ते कळत नाही अजून.
कुणीतरी घरात आहे,
कडी आतून आहे, एवढं.

वहीत लिहिलं:
पेशी क्र. ४१. तहान, अकरा दिवस. आवाज आहे.
मग 'आवाज' खोडून
वर 'संकेत' लिहिलं,
सरांसाठी.