लूप शून्य, भाग एक

रूनाविक. पहाटेचे तीन, तरी अंधार नाही,
जूनमध्ये इथे रात्र नुसती कूस बदलते.
फ्योर्डात साठ हजार सामन पिंजऱ्यांतून गोल फिरताहेत
आणि त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवणारा डबा
मंगळवारपासून मुका.

डब्याला नवी इमेज हवी.
आर्मगार ती कंटेनरमध्ये बांधते आहे,
म्हणजे बांधू पाहते आहे, अकराव्यांदा.
बेचाळीस मिनिटं सगळं सुरळीत,
कर्नल शिजतो, पॅकेजेस एकेक करून पंगतीला बसतात
आणि शेवटच्या पायरीवर घोडं पेंड खातं:
लूप शून्य, भाग एक. अशी फाइल नाही.

नाही कशी?
आत्ताच तर तिनं डिस्क कापली,
एक भाग बूटचा, दुसरा उरलेल्या संसाराचा.
कर्नलला विचारलं तर म्हणतो, आहेत की, दोन्ही आहेत.
डिव्हाइसच्या डिरेक्टरीत जाऊन पाहावं
तर ती जागा कोरी.

कॅशे पुसून झाला. बेस इमेज बदलून झाली.
कंटेनरला होते नव्हते ते सगळे अधिकार देऊन झाले.
स्क्रिप्टमध्ये थांबायला सांगितलं, दोन सेकंद,
मग पाच, मग तीस,
न निघालेल्या पाहुण्यासाठी
ताट वाढून बसावं तसं.

बार्जवरून हानुसचा फोन.
दोरीला मीटर बांधून तो दर तासाला ऑक्सिजन मोजतोय.
घाई नाही, म्हणाला. म्हणजे होती.
मग उगीच, जागं राहायचं म्हणून, बोलत राहिला:
नऊ नंबरचा पिंजरा भिंतीवरच्या नकाशात नाहीच,
नकाशा मार्चमध्ये छापला, पिंजरा आला मेमध्ये,
मीच पेननं काढलाय तिथं,
वाकडा आलाय जरा.

हं, ती म्हणाली.
मग काहीच म्हणाली नाही.
हानुसला वाटलं, फोन कट झाला.

कंटेनर उघडला त्या क्षणी जे होतं
तेवढंच त्याच्या नकाशावर.
नव्या दारावर पाटी ठोकणारा
बाहेर राहतो, यजमान मशीनवर;
तो तिथं इमानानं ठोकतोही,
आतल्या भिंतीला त्याचा पत्ता नाही.

कर्नलकडून तिनं आकडे मागून घेतले:
दोनशे एकोणसाठ, शून्य.
दोनशे एकोणसाठ, एक.
आणि दोन्ही नोड हातानं मांडले.
माउंट झालं. काही आवाज झाला नाही,
पुढची ओळ आली, तिच्या पुढची आली.

स्क्रिप्टमध्ये तिनं टीप लिहिली: ही ओळ काढू नये.
मग ती खोडून
कारण लिहिलं.

सहा वाजता कार्ड घेऊन ती स्वतःच बार्जवर गेली.
डबा बोलला: आठ पूर्णांक तीन.
हानुसचा मीटर: आठ पूर्णांक एक.
तुझा चुकतोय, तो म्हणाला,
आणि दोरी पुन्हा पाण्यात सोडली.