टिपुगडे सरांची वही

डिकीवाल्या गाडीची हौस, जुन्यावर भागवली.
सोबत सरांची वही आली:
ऑइल, साडेतीन लिटर. क्लच केबल.
गगनबावड्याच्या घाटात हॉर्न गेला.

उद्यमनगरात दस्तगीर मेस्त्री
बॉनेटला कान लावून म्हणाला,
"लई जपलीया वो. इंजिन कोरं हाय.
डावी सीट तेवढी मागं सरकंना."

तो पाना शोधेस्तोवर
मी शेवटचं पान उघडलं:
'डावी सीट पुढेच पक्की करून घेतली.
डायलिसिसहून येताना हिचे पाय
अधांतरी राहतात.'

"ऱ्हाऊ दे," म्हणालो.
खाली माझ्या अक्षरात लिहिलं:
एक्क्याऐंशी हजार दोनशे. ऑइल बदललं.
सीट तशीच.

रंकाळ्याला जाताना
बायको गुडघे आखडून विचारते,
कधी करणार?
पगार झाला की, म्हणतो.
दर महिन्याला.