मातृभाषेचा रकाना

हस्तपुस्तिकेत छापलंय, पान छत्तीस:
मातृभाषा म्हणजे बालपणी आई जी बोलली ती.
माणशी एकच. सोबत संकेतांकांची यादी.
दोन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्ही मास्तर-बायांनी
हे तीनदा मोठ्यानं वाचलं.

फेब्रुवारी. संकेश्वराबाहेरची खळी लाल झालेली.
मिरची वाळतेय, आणि मी घरोघर शिंकत माणसं मोजतेय.
‘काय लिवूलालाय, बाई?’
बाळव्वा कमते, देठ खुडता खुडता.
वय सत्तर म्हणाली, मग म्हणाली, पंचाहत्तर धरा.

माझा कान तिच्या क्रियापदात अडकला.
दूधगंगेपलीकडं ‘लिहायला लागलाय’,
निपाणीच्या स्टँडवर ‘लिवायलाय’,
आणि इथवर चालत येईस्तोवर
चपलेच्या टाचेसारखं झिजून ‘लिवूलालाय’.
नकाशावर रेघ मारायची तर
कुठल्या पावलावर मारायची?

शहाण्यांनी भाषांची कुळं लावलीत:
ही आर्य, ती द्राविडी, वंशवेल वेगळी, सोयरीक नाही.
बाळव्वाची सून गडहिंग्लजची.
मुलगा म्हशीला कानडीत शिव्या देतो, देवाला मराठीत.
नातू मोबाईलशी कशात बोलतो
ते अजून कुणी विचारलेलं नाही.
आमचं तूप, त्यांचं तुप्पा;
कुणाच्या शिंक्यावरचं कुणाच्या ताटात गेलं,
पावती कुणापाशीच नाही.
आणि ‘आम्ही’हून वेगळं असं ‘आपण’,
समोरच्यालाही धरून घेणारं,
ही सवय म्हणे आपल्याला शेजाऱ्यांनीच लावली
आणि पुढं ते स्वतः विसरले.
उसनं आणलेलं पातेलं. मागायला कुणी येत नाही,
म्हणून घरचंच झालं.

‘मातृभाषा काय लिहू?’
खुडणारा हात थांबला.
‘माझी आय मुकी होती.’

पान छत्तीसच्या तळाशी बारीक टीप आहे:
आई तान्हेपणीच वारली असल्यास
घरात बोलली जायची ती लिहावी.
वारली नव्हती. बाळव्वाची सून येईपर्यंत होती.
सुपावर दोन थापा म्हणजे जेवायला ये.
एकच थाप म्हणजे आहेस तिथंच थांब,
पुढं काय असंल सांगता येत न्हाई.
‘ती नावानं कधी हाक मारली न्हाई बघा.
पर मी एकदाबी चुकलो न्हाई.’
(शाळेत असल्या वाक्याखाली
मी लाल रेघ मारते. दोन रेघा.)

घरात काय बोलायचे, मग?
बाप कानडी. आजी मराठी, पण ती दमेकरी, कमी बोलायची.
भिंतीपलीकडं पिंजाऱ्यांचं घर, तिथली दखनी
रात्री उशीखाली यायची.
आयला यातलं सगळं कळायचं, म्हणाली.
ओठांकडं बघायची ती. ओठ काय, सगळ्यांचे सारखेच.

यादीच्या शेवटी ‘इतर’ आहे.
पण इतरालाही नाव लिहावं लागतं.
मी पेन मिटवलं, पेन्सिल काढली,
पेन्सिलही परत ठेवली.

संध्याकाळी हंचिनमनी साहेब म्हणणार होते,
टीचर, रकाना रिकामा चालत नाही,
आणि स्वतःच्या पेनानं भरणार होते.
कुठला आकडा, ते मी बघणार नव्हते.

ते नंतरचं. निघताना मी म्हटलं, ‘येते.’
दारातून मुलगा म्हणाला, ‘होगी बर्री.’
जाऊन या. दोन्हीकडं जाणारा माणूस
येण्याचंच बोलतो; नुसतं जाणं
दोघांनाही तोंडावर आणवत नाही.
एवढं साम्य कुळांच्या तक्त्यात कुठं बसवतात, ठाऊक नाही.

खळ्याच्या कडेनं वळले, वही छातीशी,
डोक्यात पुढच्या घराचा नंबर.
मागून सुपावर थाप पडली.
एकच.

उचललेला पाय मी तसाच धरून ठेवला.
खाली, वितीभर अंतरावर,
नुकती पसरलेली मिरची होती.