निजायला

चौदावं लागलं तेव्हा बापाने माझी गोधडी खांद्यावर टाकली
आणि भोईवाड्याच्या टोकाला, उखर्डू अण्णाच्या ओसरीवर
नेऊन सोडलं मला.
जेवण घरी, काम घरी,
निजायला तेवढं तिथे.
"पोटच्या पोराला शिकवताना हात जड पडतो,"
एवढंच बोलला, आणि चपला फरफटवत माघारी गेला.

हिलाल आधीच आलेला.
दौलत दोन वर्षांनी मोठा, त्याला भिंतीकडची जागा.
नवा असेल त्याने दाराशी निजायचं.
दाराच्या फटीतून तापी आत येई,
शेवाळाचा, ओल्या सुतळीचा वास,
आणि बॅरेजचे दरवाजे उघडले की
लांब कुणी जातं ओढतंय असा आवाज.
मी उठून बसायचो.
अंधारातून अण्णा म्हणायचा,
"नीज. दोनच उघडलेत अजून."

त्याच्या आधीची चार गेली,
म्हणून हा जन्मला तसा उखर्ड्यावर ठेवला
आणि सव्वा पैशात परत विकत घेतला.
"एवढ्या स्वस्तात गडी मिळतो का कुठे?" हसायचा.
त्याला मूलबाळ नव्हतं.
नाही, हे खोटं. एक होता.
त्याच्याबद्दल ओसरीवर बोलायचं नाही,
असं सकूमायने लसूण सोलता सोलता सांगितलं,
आणि सोललेल्या पाकळ्या पुन्हा एकदा मोजल्या.

शिकवलं म्हणावं असं अण्णाने काही शिकवलं नाही.
जाळ्यात माझी गाठ चुकली तर गप्प.
सकाळी पाहावं, तर तेवढाच तुकडा उसवलेला
आणि सुई माझ्या उशाशी.
दौलतने एकदा पल्याडच्या वाडीतलं डांगर चोरलं.
अण्णाने ते चिरलं, फोडी वाटल्या, स्वतः दोन खाल्ल्या,
आणि उजाडल्यावर आम्हाला घेऊन मालकाच्या दारात.
"चौघांनी खाल्लं," म्हणाला.
चार दिवस चौघांनी तापल्या वाळूत आळी खणली.

त्या साली पोळ्याला
सारंगखेड्याकडचं एक पोरगं बैल धुताना बुडालं.
असं झालं की माणसं भोईवाड्यात येतात,
एरवी आमच्या हातचं पाणीही टाळणारी.
फौजदार काठावर खुर्ची मागत होता.
अण्णाने हाक मारली ती मला, दौलतला नाही.
गळ्याएवढ्या पाण्यात कानाशी येऊन म्हणाला,
"केस नको धरू. बगलमा हात घाल.
काठवर त्यानी माय शे."

मी हात घातला.
माझ्याच वयाचा होता. मनगटाला कासऱ्याचा वळ,
शिंगांना लावायचा हिंगूळ नखांत तसाच.
बाहेर काढल्यावर अण्णाने त्याचे डोळे मिटले,
सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, खालपासून एकेक.
मग वळून माझी लावली, वरची.
तेव्हा कळलं, मी थरथरतोय.

रात्री दौलत काही न बोलता दाराशी जाऊन पडला.
भिंतीकडची जागा मोकळी.
मी तिथे. अण्णा जागाच, ओठ हलत होते.
वाटलं, नाव घेतोय कुणाचं.
पुष्कळ वेळाने ऐकू आलं:
एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.
आमचे श्वास.

अण्णा गेला तेव्हा तिरडीला आम्ही तिघे होतो.
चौथा खांदा माझ्या बापाने दिला,
सवय नसलेल्या माणसासारखा, पावलं चुकवत.

हिलाल आता सुरतेला, लूमवर.
मागच्या महिन्यात त्याचा पोरगा आला माझ्याकडे,
एक बॅग, कानात वायर.
"बापाने सांगितलंय, निजायला तुमच्याकडे."
मी म्हटलं, ये. दाराशी अंथरूण घाल.
त्याने इकडेतिकडे पाहिलं.
"चार्जिंगचा बोर्ड कुठाय, काका?"

भिंतीकडे होता.
वायर पुरेना. मग मीच उठलो,
एक्स्टेंशन शोधायला.